पोंतेवेद्रा : पायी चालणाऱ्यांचं शहर

“अगं, इथे रस्ता कुठून ओलांडायचा?” ताईनं विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण मघापासून रस्त्यातूनच चाललोय.

पायाखाली ग्रॅनाइटच्या रुंद फरश्या होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकाच पातळीत. चढायला फुटपाथ नाही, उतरायला पायरी नाही. दुभाजक नाही, कठडे नाहीत, झेब्राचे पट्टे नाहीत, सिग्नल नाही. बेनितो कोर्बाल नावाचा हा रस्ता म्हणजे शहराची मुख्य बाजारपेठ. दोन्ही अंगांना कपड्यांची, चपलांची दुकानं, वर काचेच्या सज्जांची घरं. आम्ही मधोमध चालत होतो, कारण सगळेच मधोमध चालत होते. जरा वेळानं मागे वळून पाहिलं तर एक पांढरी व्हॅन आमच्या पाठोपाठ येत होती. किती वेळापासून येत होती कोण जाणे. ताई दुखऱ्या गुडघ्यानं जमेल तसं पाऊल टाकत होती आणि व्हॅन तिच्याच चालीनं सरकत होती. हॉर्न नाही, दिव्यांची उघडझाप नाही, इंजिनाची गुरगुर नाही. आम्ही बाजूला झालो, तशी ती पुढे गेली, एका दुकानासमोर थांबली, चालकानं खोकी उतरवली, कागदावर सही घेतली आणि गाडी निघून गेली.

ताई त्या व्हॅनकडे बघतच राहिली. पुण्यात कर्वे रस्ता ओलांडताना ती माझा दंड असा धरते की बोटांचे वळ उठावेत. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला घराबाहेर पडताना आधी जिवाची भीती वाटावी, हे आपण किती सहज मान्य केलं आहे, ते मला त्या फरश्यांवर उभं राहिल्यावर कळलं.

स्पेनच्या वायव्य टोकाला, पोर्तुगालच्या डोक्यावर गालिसिया नावाचा प्रांत आहे. हिरवागार, पावसाळी, जिथे तिथे ग्रॅनाइट. पोंतेवेद्रा हे तिथलं एका जिल्ह्याचं मुख्य ठाणं, वस्ती साधारण ८३ हजार. लेरेस नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं. ताजमहालासारखी जगप्रसिद्ध वास्तू इथे एकही नाही. ताईचा मुलगा पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात नोकरीला असतो, त्याच्याकडे गेलो होतो. त्यानंच सांगितलं, “मावशी, तुम्ही दोघी एकदा तिकडे जाऊन या. बघायला काही नाही, पण चालायला आहे.” त्याचं म्हणणं अगदी खरं निघालं.

संध्याकाळी फेरेरिआ चौकात बसलो. जूनचा महिना, त्या भागात रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो. चौकात काय ऐकू येत होतं? कपबश्या. कबुतरांचे पंख. पलीकडच्या बाकावरच्या दोन आज्यांचं भांडण की गप्पा, ते भाषा न कळल्यामुळे सांगता येणार नाही, पण शब्द न् शब्द स्पष्ट. चेंडूचा टप्पा. कुठल्या तरी वरच्या मजल्यावरचा रेडिओ. शहराच्या ऐन मध्यात बसून माणसं कुजबुजीच्या आवाजात बोलत होती आणि समोरच्याला ऐकू जात होतं. आपल्याकडे रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर दोन मित्र बोलतात तेव्हा ते एकमेकांशी ओरडत असतात. आपल्याला तो आपला स्वभाव वाटतो. मला आता तसं वाटत नाही. तो रस्त्याचा दोष आहे.

आठ-नऊ वर्षांची पोरं चौकात फुटबॉल खेळत होती. त्यांच्यावर लक्ष ठेवणारं मोठं माणूस मी बराच वेळ शोधत होते. सापडलं नाही. एक लहानगी हातात पाव घेऊन एकटीच गल्लीतून आली, चौक तिरपा ओलांडला, दुसऱ्या गल्लीत शिरली. तिनं डावीकडे पाहिलं नाही की उजवीकडे. पाहायची सवयच तिला लागलेली नव्हती.

हे शहर असं जन्माला आलेलं नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. १९९०च्या दशकातलं पोंतेवेद्रा ओळखू येणार नाही इतकं वेगळं होतं. जुन्या शहरातल्या एका रस्त्यावरून दिवसाला १४ हजार गाड्या जायच्या. शहरात जेवढी माणसं राहत, त्याहून जास्त गाड्या रोज शहरातून जात. अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून धूर. जुना भाग अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेला. ज्यांना शक्य होतं ती कुटुंबं निघून जात होती. १९९९ साली मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस महापौर झाले. ते पेशानं डॉक्टर. कित्येक वर्षं विरोधी बाकांवर बसून त्यांनी या प्रश्नाचा विचार केलेला होता. निवडून आल्यावर त्यांनी समिती नेमून वेळ काढला नाही. पहिल्या महिनाभरात जुन्या शहराचं सुमारे तीन लाख चौरस मीटर क्षेत्र पादचाऱ्यांच्या हवाली केलं.

लोरेस यांचा मुद्दा साधा होता. गाडी ही खासगी मालमत्ता. रस्ता सगळ्यांचा. मग एकाच्या खासगी मालमत्तेनं सगळ्यांची जागा दिवसरात्र फुकटात अडवून का बसावं? गाडी विकत घेतली म्हणजे रस्त्याचा तुकडाही विकत घेतला असं होत नाही. ऐकायला हे अगदी सरळ आहे, पण त्यावरून कारभार चालवायचा म्हणजे निम्म्या मतदारांचा रोष ओढवून घेणं. हे महापौर त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीनंतर पुन्हा पदावर आले, २०२३ मध्येसुद्धा. ज्या नगरसेवकांना वाटतं की गाडीवाल्यांना दुखवलं तर खुर्ची जाते, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

पोंतेवेद्राची खरी अक्कल कशात आहे, तर त्यांनी सरसकट गाडीबंदी केलेली नाही. त्यांनी गाड्यांची छाननी केली. शहरात येणारी गाडी कशाला येते? काही गाड्या नुसत्या आरपार जायला येतात, त्यांचं शहरात काहीच काम नसतं. त्यांना बाहेरून जाता यावं आणि आतून जाणं जमू नये अशी रस्त्यांची रचना बदलली. काही गाड्या जागा शोधत घिरट्या घालतात. शहराच्या मध्यवस्तीतली बरीचशी गर्दी ही अशा घिरट्यांची असते. त्यांच्यासाठी रस्त्यावरच्या पार्किंगच्या जागाच काढून टाकल्या. जागाच नाही म्हटल्यावर शोधायला कोण येणार? उरल्या त्या खरोखर कामाच्या गाड्या : रुग्णवाहिका, अग्निशमन, दुकानात माल टाकणारा, घरात स्वतःचं गॅरेज असणारा, अपंग नातेवाइकाला दारापर्यंत सोडणारा. त्यांना आत यायला मुभा आहे. यावं, काम करावं, निघावं. आमच्यामागून आलेली पांढरी व्हॅन या शेवटच्या गटातली.

आणि ज्यांना गाडीनंच शहरापर्यंत यायचं असतं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी शहराच्या कडेला मोठाली मोफत पार्किंगं केली आहेत, दीड हजाराहून जास्त गाड्यांची. तिथे गाडी लावायची आणि दहा-पंधरा मिनिटं चालायचं. ज्याला चालायचं नसेल त्याच्यासाठी भुयारी पार्किंग आहे, पण त्याचे पैसे मोजावे लागतात. चौकातले बरेच सिग्नल काढून टाकले, त्याजागी छोटी वर्तुळं केली. मोठमोठे मॉल काढायला परवानगी दिली नाही, त्यामुळे खरेदीसाठी गाडी काढून हायवेला जायचं कारण उरलं नाही. यातली एकही गोष्ट फार खर्चाची नाही. मेट्रो नाही, उड्डाणपूल नाही, अवाढव्य यंत्रणा नाही. दगड बसवायचे आणि निर्णय घ्यायचा.

इथे एक नकाशा मिळतो, त्याचं नाव मेत्रोमिनूतो. दुरून बघितलं तर मेट्रो रेल्वेचा नकाशा वाटतो, रंगीत रेघा, ठळक ठिपके, स्थानकांची नावं. जवळ जाऊन वाचलं की कळतं, ही सगळी चालायची अंतरं आहेत. रेल्वे स्टेशनपासून चर्च, चर्चपासून बाजार, बाजारापासून नदी, प्रत्येक रेघेवर मीटर आणि मिनिटं लिहिलेली. ताशी पाच किलोमीटरची चाल धरून काढलेली. २०११ साली नगरपालिकेनं हा नकाशा काढला. आपण मनातल्या मनात किती अंतरं उगाच लांब करून ठेवलेली असतात! “लांब आहे, रिक्षा करू,” म्हणणारी ताई त्या नकाशावर बोट ठेवून म्हणाली, “सातच मिनिटं? मग चल की.” आणि खरंच चालली. मधे दोनदा बाकावर बसली, कारण बाक होते.

आता आकडे. १९९६ ते २००६ या काळात शहरातल्या याच रस्त्यांवर अपघातात ३० माणसं गेली. पुढच्या दहा वर्षांत तीन. २०११ ते २०१८ या काळात एकही नाही. शहरभर वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर २०१०मध्येच आली, आणि मध्यवस्तीत तर त्याहून कमी. यामागचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. ताशी ५०नं जाणाऱ्या गाडीला, चालकानं संकट पाहिल्या क्षणापासून पूर्ण थांबेपर्यंत साधारण २८ मीटर लागतात. ताशी ३०नं जाणाऱ्या गाडीला साधारण १३. वीस पावलांवर चेंडूमागे धावत आलेलं मूल पहिल्या प्रसंगात मरतं, दुसऱ्या प्रसंगात घाबरतं आणि घरी जाऊन रागे भरून घेतं. मे २०२१पासून स्पेननं देशभरातल्या शहरांत, जिथे प्रत्येक दिशेला एकच मार्गिका आहे अशा रस्त्यांवर, हीच ३०ची मर्यादा लागू केली.

हवेचंही तेच. शहराच्या मध्यभागातलं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं असं पालिका सांगते. पूर्वी गाडीनं होणाऱ्या फेऱ्यांतल्या बहुतेक आता पायी किंवा सायकलनं होतात. आणि गालिसियातली इतर छोटी शहरं ओस पडत असताना पोंतेवेद्राच्या मध्यवस्तीत हजारो नवी माणसं राहायला आली, मुलाबाळांसह. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटाट संस्थेकडून शहराला दुबई आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथल्या माणसांशी बोलताना पुरस्काराचा विषय कुणी काढत नाही. पोरगी शाळेत एकटी जाते, हे मात्र आवर्जून सांगतात.

दुकानदारांचा विरोध झाला होताच. तो कुठे होत नाही? गिऱ्हाईक गाडीतून उतरून थेट पायरीवर आलं नाही तर धंदा बसेल, ही भीती बेनितो कोर्बालला होती तशी ती आपल्या प्रत्येक बाजारपेठेला असते. मी तिथे जे पाहिलं ते असं : माणसं काचेसमोर थांबतात, पुढे जातात, परत येतात, आत शिरतात. गाडीतला माणूस दुकानाची पाटीही वाचत नाही. पायी चालणारा काचेतली किंमत वाचतो.

पायी चालणाऱ्याला थांबताही येतं, याचं एक छोटं उदाहरण. पेरेग्रीना नावाच्या चर्चजवळ एका पोपटाचा पुतळा आहे, राव्हाचोल त्याचं नाव. एकोणिसाव्या शतकात इथे एका औषधविक्याच्या दुकानात हा पोपट होता, गिऱ्हाइकांना शिव्या देण्याबद्दल प्रसिद्ध. १९१३ साली तो मेला, तेव्हा सगळ्या गावानं त्याची अंत्ययात्रा काढली, आणि आजही दर वर्षी कार्निव्हलच्या शेवटी त्याचं दफन होतं. ही कथा आम्हाला कुणी सांगितली? पुतळ्यापाशी उभ्या असलेल्या एका अनोळखी आजोबांनी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, चांगली दहा मिनिटं. भर चौकात, रस्त्याच्या मधोमध. मागून कुणी “साइड, साइड” म्हटलं नाही.

पेरेग्रीना म्हणजे यात्रेकरू माता. चर्चची बांधणी शिंपल्याच्या आकाराची आहे, कारण शिंपला ही सांतिआगोच्या यात्रेची खूण. पोर्तुगालमधून सांतिआगो दे कोम्पोस्तेलाला जाणारी पायवाट या शहराच्या पोटातून जाते. इथून सांतिआगो सुमारे ६५ किलोमीटर. पाठीवर पिशवी, पिशवीला शिंपला बांधलेला, हातात काठी, पाय धुळीनं माखलेले, असे यात्रेकरू सकाळपासून दिसत होते. ताईनं तीन वेळा आळंदी ते पंढरपूर पायी केलं आहे. तिला त्या लोकांची भाषा येत नव्हती, पण एका बाईच्या टाचेवरची पट्टी पाहून तिनं स्वतःच्या पर्समधून मलमाची ट्यूब काढून दिली. दोघी बाकावर बसल्या, खुणांनी बोलल्या. वारीत दिवे घाटात पालखी चढते तेव्हा तेवढ्यापुरता रस्ता गाड्यांचा राहत नाही, माणसांचा होतो, आणि लाखो माणसं असूनही कुणाला कुणाची भीती वाटत नाही. ताई मला म्हणाली, “आपल्याकडे हे वर्षातून एकदा होतं. यांच्याकडे रोज.”

सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. मध्यवस्तीच्या बाहेरच्या रस्त्यांवर गर्दी वाढली आणि पार्किंग पुरत नाही, अशा तक्रारी तिथलेही लोक करतात. शिवाय हे लहान शहर आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला माणूस सहज चालत जातो. मुंबई-पुण्याला नुसतं चालून भागणार नाही. तिथे आधी भरवशाची बस लागेल, भरपूर लागेल, आणि बसला स्वतःची मार्गिका लागेल. पण “आपलं शहर मोठं आहे” हे कारण सांगून आपण लहान शहरांचंही तसंच वाटोळं करतो आहोत. सातारा, वाई, मिरज, पंढरपूर, मडगाव, म्हापसा, ही सगळी चालण्याच्या टप्प्यातली गावं आहेत. त्यांच्या पेठा बैलगाडीच्या आणि माणसाच्या मापानं बांधलेल्या आहेत. तिथे रस्ता रुंद करायला वाडे पाडले जातात, आणि रुंद झालेल्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. पेठही जाते आणि रस्ताही मिळत नाही.

धोरण आपल्याकडे नाही असंही नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलं आहे की रस्त्यांची आखणी वाहनं हलवण्यासाठी नको, माणसं हलवण्यासाठी हवी. त्यानंतर २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. ती गाडी चालवत नव्हती, वेगात नव्हती, कुणाला ओलांडून पुढे जात नव्हती. कुणी दूध आणायला निघालं होतं, कुणी शाळेला, कुणी बसथांब्याकडे.

आणि उदाहरणही आपल्याकडे नाही असं नाही. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि लोक मुद्दाम तिथे चालायला जातात, पैसे खर्चून. सुट्टीत जे सुख विकत घेतो ते रोजच्या गावात मिळावं असं आपल्याला वाटत का नाही?

पुणे महापालिका ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून साजरा करते. २०२१पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद असतो. रांगोळ्या, खेळ, आजी-आजोबा, सगळं असतं, आणि संध्याकाळी कठडे उचलले जातात. तुम्ही पुण्यात असाल तर यंदा त्या दिवशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला घेऊन जा. दुकानदारांना विचारा, धंदा कसा झाला. आणि मग आपल्या नगरसेवकाला पत्र लिहा, की हा रस्ता १२ डिसेंबरलाही असाच राहू द्या. पुण्याबाहेर असाल तर आपल्या गावातली एक पेठ निवडा, एकच, आणि तिथल्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या हलवण्याची मागणी करा. पोंतेवेद्रानं सुरुवात तिथूनच केली होती.